कोकणातून जोधपूरला: मोटारसायकलस्वाराने करावयाची तयारी

रत्नागिरी आणि जोधपूर ही दोन्ही शहरे जवळपास एकाच रेखांशावर आहेत, परंतु रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जोधपूरची सरासरी ४०० मिलिमीटरच्या आतच राहते. नोकरीनिमित्त किंवा बदलीमुळे मारवाडात जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या लहान नाही. लष्कर, हवाई दल, एम्स, आयआयटी, पचपदऱ्याचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि सौरऊर्जेची कामे यांसाठी अनेक जण तिकडे जातात आणि त्यांतले बरेच जण स्वतःची मोटारसायकल बरोबर नेतात. हे टिपण अशा स्वारांसाठी आहे. उदाहरण कोकण ते जोधपूर असे घेतले असले, तरी बिकानेर, जैसलमेर किंवा बाडमेरला जाणाऱ्यालाही त्यातले बहुतेक सारे लागू पडेल.

कोकणात गाडी चालवणाऱ्याची सावधगिरी पाण्याभोवती घडलेली असते. पाणी डोळ्यांना दिसते, ब्रेक ओले झाले की लगेच जाणवतात, गंज चढला की तांबूस डाग उठतो. वाळवंटी शहरात नुकसान करणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे उष्णता आणि बारीक धूळ, अशी आगाऊ सूचना देत नाहीत. घाम येतो पण तो दिसण्याआधीच वाळतो. फिल्टर भरत जातो पण गाडी चालतच राहते. म्हणून कोकणात जे अंदाजाने जमत होते, ते तिथे घड्याळ, किलोमीटरचा आकडा आणि हाताने केलेली तपासणी यांच्या आधाराने करावे लागते. पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे.

कधी आणि कसे न्यावे

निवड आपल्या हाती असेल, तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात स्थलांतर करावे. थंडीत गेलेल्या माणसाचे शरीर मार्चपासून हळूहळू चढत जाणाऱ्या तापमानाबरोबर स्वतःला जुळवून घेते. दुर्दैवाने शाळांची वर्षे आणि बदल्यांचे आदेश यांमुळे बहुतेकांना मे किंवा जूनमध्येच सामान हलवावे लागते, आणि मारवाडात नवख्या माणसाने दुचाकीवर फिरण्यासाठी याहून वाईट महिने नाहीत. जोधपूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. जोधपूर शहरात मे-जूनमध्ये पारा सामान्यतः ४१-४२ अंशांवर असतो आणि उष्णतेच्या लाटेत ४५ च्या पुढे जातो. अशा वेळी गाडी रेल्वेने पाठवावी आणि आपण स्वतंत्र जावे.

रेल्वेने पाठवताना गाडी स्वतःच्या तिकिटावर लगेज म्हणून किंवा तिकिटाशिवाय पार्सल म्हणून नोंदवता येते. मुंबईहून वांद्रे टर्मिनस ते जोधपूर धावणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस ही या दृष्टीने सोयीची गाडी आहे. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून टाकणे बंधनकारक असते आणि त्यात सवलत मिळत नाही. आरसे उतरवून सामानात ठेवावेत, हँडलची टोके, इंडिकेटर आणि टाकी यांना गोणपाटाखाली जाड फोम बांधावा, आणि गोणपाट चढवण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. उतरण्याच्या स्थानकावर ठरलेल्या मुदतीत गाडी सोडवली नाही तर दर तासाला आकार लागतो, त्यामुळे ती ताब्यात घेणारा माणूस आधीच नक्की करावा.

थंडीच्या दिवसांत स्वतः चालवत जायचे असेल, तर मुंबई, अहमदाबाद, पालनपूर, सिरोही, पाली असा रस्ता सरळ आणि चांगला आहे. रत्नागिरीपासून अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास भरते. ते तीन दिवसांत विभागावे. दोन दिवसांत करण्यात काहीही पुरुषार्थ नाही.

कागदपत्रे

मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असेल, तर तिथे त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओकडून नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती जोडावी लागते. अर्जावर चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो, आणि कोकणातल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत येथेच अडचण येते, कारण हँडलच्या मानेजवळचा तो आकडा गंजाने आणि चिखलाच्या थराने भरलेला असतो. तो रॉकेलच्या फडक्याने आणि मऊ ब्रशने आधीच स्वच्छ करून ठेवावा. घासकागद मात्र लावू नये, कारण पुसट झालेला चॅसिस क्रमांक म्हणजे पुढच्या सगळ्या कटकटींना आमंत्रण होय.

राजस्थानात पोचल्यावर नवा क्रमांक मिळवण्यासाठी अर्ज करून तिथला कर भरावा लागतो. जोधपूरचा संकेतांक आरजे १९ आहे. त्यानंतर महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराच्या उरलेल्या काळाच्या परताव्यासाठी मूळ आरटीओकडे अर्ज करता येतो; बरेच लोक हा अर्ज आळसाने सोडून देतात. विम्याच्या पॉलिसीवरील पत्ता आणि वाहन क्रमांक त्याच आठवड्यात बदलून घ्यावेत. ज्यांची बदली दर काही वर्षांनी होते, अशा सरकारी कर्मचाऱ्यांनी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनी २०२१ साली सुरू झालेल्या बीएच (भारत) मालिकेच्या वाहन क्रमांकाचा विचार करावा, म्हणजे प्रत्येक बदलीला हाच फेरा पुन्हा करावा लागत नाही.

निघण्यापूर्वी: गाडीतली ओल काढणे

जोधपूरची तयारी जोधपूरला गेल्यावर करू, असे म्हणू नये. कोकणातल्या काही पावसाळ्यांत गाडीत जी ओल आणि जो क्षार साठलेला असतो, तो इथल्या हवेत वर्षानुवर्षे निमूट बसून राहतो आणि उष्णतेत गेल्यावर अचानक त्रास देऊ लागतो.

यात पहिला क्रमांक ब्रेक ऑइलचा. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, मात्र त्यात काही टक्के पाणी मिसळले की तोच उत्कलनबिंदू १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. किनाऱ्यालगत दोन पावसाळे काढलेल्या गाडीत हे घडलेले असतेच असे समजावे. मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या डिस्कवर वारंवार ब्रेक मारल्यानंतर त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे लिव्हर हातात स्पंजासारखा दबत जातो पण गाडी थांबत नाही. मास्टर सिलिंडरच्या काचेतून ऑइलचा रंग मधासारखा फिकट न दिसता काळपट तपकिरी दिसत असेल, तर क्षणभरही विचार न करता ते बदलावे. रंग बरा दिसला तरी दोन वर्षे झाली असतील तर बदलावेच. बदलताना मेकॅनिककडून सीलबंद डबा समोर फोडून घ्यावा, कारण महिनाभर अर्धा उघडा पडलेला डबा कोकणातल्या हवेत आधीच पाणी पिऊन बसलेला असतो.

दुसरी गोष्ट टाकी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉललाही पाण्याची ओढ असते. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर बसू शकतो. रेल्वेसाठी टाकी रिकामी करणारच आहात, तर ते पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन काही तास स्थिर ठेवावे. तळाशी वेगळी रेघ दिसली किंवा गंजाचे कण उतरले, तर टाकी आतून धुऊन वाळवून घ्यावी आणि फ्युएल फिल्टर बदलावा.

याखेरीज बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काढून, टोके कोरडी करून त्यांना व्हॅसलीन लावावे. इंजिनाच्या पंखांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, अडकलेला जांभ्याचा लाल चिखल काडीने आणि ब्रशने पूर्ण काढावा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला तेवढेच साधन असते. मडगार्डच्या आतली बाजू, सायलेन्सरचे सांधे आणि सीटखालची चौकट गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, जिथे रंग उडाला आहे तिथे गंजरोधक लावून घ्यावे. कोरड्या हवेत नवा गंज फारसा चढत नाही, परंतु जुना गंज आपोआप बरा होत नाही.

फिल्टर आणि चेन

मारवाडातली धूळ कोकणातल्या उन्हाळी धुळीपेक्षा फार बारीक असते. ती बंद खोलीतल्या कपाटात शिरते, तर एअर फिल्टरची काय कथा. कंपनीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलण्याचे जे अंतर दिलेले असते ते सामान्य परिस्थितीसाठी असते. बहुतेक पुस्तिकांत धुळीच्या भागात हे काम अधिक वेळा करावे अशी तळटीपही असते, जी कोकणात कोणी वाचत नाही. जोधपुरात ते अंतर निम्म्यावर आणावे, दर हजार किलोमीटरला फिल्टर काढून प्रकाशासमोर धरावा, आणि मोठी आंधी होऊन गेल्यानंतर किलोमीटर न पाहता तपासावा. कागदी फिल्टर धुऊ नये. त्याला जोराची हवा मारली तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, म्हणून तो हलकेच झटकावा आणि भरला असेल तर सरळ नवा घालावा. स्पंजाचा फिल्टर असेल तर तो धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवावा. फिल्टरच्या पेटीच्या रबरी कडेवर बोट फिरवून पाहावे: आतल्या बाजूला धूळ लागली, तर हवा फिल्टरला वळसा घालून जात आहे. ही एक तपासणी इंजिनाचे सिलिंडर-पिस्टन वाचवते.

चेनच्या बाबतीत कोकणी सवय नेमकी उलटी करावी लागते. पावसात आपण चेनला भरपूर, दाट ग्रीस किंवा जुने इंजिन ऑइल फासतो, म्हणजे ते पाण्याने धुतले जाऊ नये. तेच वाळूच्या प्रदेशात केले तर तेलावर बारीक रेती चिकटते आणि तेल व रेती यांचे ते मिश्रण स्प्रॉकेटचे दात झिजवत राहते. तिथे चेन जवळजवळ कोरडी दिसली पाहिजे. मेणयुक्त किंवा कोरड्या प्रकारचा चेन ल्यूब घ्यावा. फेरी संपवून आल्यावर, चेन कोमट असताना, चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने पातळ फवारा मारावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने वरचा थर पुसून टाकावा. स्वच्छतेसाठी रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये, रबर कडक होते.

तापलेली गाडी

इंजिन ऑइलबद्दल प्रत्येक चहाच्या टपरीवर एक मत मिळते. माझे मत असे की पुस्तिकेत दिलेल्या प्रतीच्या बाहेर जाऊ नये. पुस्तिकेत तापमानानुसार एकाहून अधिक प्रती दिल्या असतील, तर उष्ण प्रदेशासाठी सांगितलेली घ्यावी. पूर्वी १०डब्ल्यू-३० वापरणाऱ्या गाडीत केवळ ऊन जास्त आहे म्हणून परस्पर २०डब्ल्यू-५० ओतणे योग्य नाही. ऑइलची पातळी मात्र आठवड्याला तपासावी, कारण जुनी इंजिने उष्णतेत ते अधिक खातात. कूलंटवर चालणाऱ्या गाडीत निघण्यापूर्वी ताजे कूलंट भरावे. वाटेत भर घालावी लागली तर डिस्टिल्ड पाणी वापरावे, बोअरवेलचे खारे पाणी नव्हे, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

टायरमधील हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर ठेवावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण २ पीएसआयने चढतो, हे निर्मात्याने गृहीत धरलेले असते. दुपारी पंपावर वाढलेला आकडा पाहून हवा काढून टाकणे ही फार प्रचलित आणि धोकादायक चूक आहे: दाब कमी झाला की टायर अधिक वळतो आणि अधिक तापतो. टायरच्या कडेवरील चार आकडी शिक्का वाचून घ्यावा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांचा, कडेला बारीक चिरा पडलेला टायर कोकणात कदाचित आणखी एक पावसाळा काढेल, पण मारवाडातल्या डांबरावर त्याचा भरवसा धरू नये. शहराच्या कडेला आणि गावाकडच्या वाटांवर विलायती बाभळीचे काटे सर्वत्र असतात, त्यामुळे पंक्चर किट आणि हातपंप गाडीवरच असावा.

टाकी काठोकाठ भरू नये. पेट्रोल दर १० अंशांना सुमारे एक टक्क्याने फुगते, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून आलेले १२ लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापले तर जवळपास पाव लिटर अधिक जागा मागते. नळीच्या खालच्या कडेपर्यंतच भरून थांबावे. भल्या सकाळी भरल्यास पेट्रोल जास्त मिळते हा समज मात्र सोडून द्यावा, जमिनीखालच्या टाक्यांचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

बॅटरी साधी असेल तर तिचे पाणी पंधरा दिवसांनी पाहावे. गाडी उभी करताना सावली शोधावी, आणि सावली सरकते हे लक्षात ठेवून चार तासांनी ती कुठे असेल तिथे उभी करावी. प्लॅस्टिकचे जलरोधक कव्हर, जे रत्नागिरीत अनिवार्य होते, ते तिथे घातक ठरते. त्याच्या आत धूळ शिरते, वाऱ्याने कव्हर फडफडते आणि टाकीचा रंग घासला जातो. जाड सुती कापड बांधावे. वितळू लागलेल्या डांबरात आणि रेतीत साइड स्टँड रुतून गाडी कलंडते, म्हणून स्टँडखाली ठेवायला एक चपटा लाकडी ठोकळा डिकीत असावा. आणि धुळीने माखलेली टाकी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, आधी थोड्या पाण्याने धूळ वाहू द्यावी. पाणी मोजकेच वापरावे. जोधपूरचे पिण्याचे पाणी शेकडो किलोमीटरवरून इंदिरा गांधी कालव्यातून उपसून आणलेले असते, आणि तिथे पाइप लावून तासभर गाडी धुणाऱ्याकडे शेजारी ज्या नजरेने पाहतात ती योग्यच असते.

शरीर

गाडीपेक्षा अधिक काळजी स्वाराने स्वतःची घ्यावी. कोकणात ३३ अंशांवर घामाच्या धारा लागतात, सदरा अंगाला चिकटतो आणि माणूस आपोआप पाणी मागतो. जोधपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता बरेचदा २० टक्क्यांच्या खाली असते. तिथे घाम त्याहून अधिक येतो, परंतु क्षणात उडून जातो. अंग कोरडे वाटते, स्वार स्वतःला ठीक समजतो, आणि संध्याकाळी काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे वर्तुळ उमटलेले दिसते. म्हणून तहानेची वाट न पाहता घड्याळ लावून पाणी प्यावे: उन्हातल्या प्रवासात दर वीस मिनिटांनी काही घोट, तासाला अर्धा ते पाऊण लिटरपर्यंत. नुसते पाणी ढोसत राहिल्यानेही रक्तातले मीठ उतरते, तेव्हा लांबच्या प्रवासात ओआरएस बाळगावे. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे, चमचा चहाचा. ताक तिथे मुबलक मिळते आणि कैरीचे पन्हे तर मारवाडी घरांतही आपल्याइतकेच केले जाते.

वाऱ्याबद्दलचा गैरसमज याहून धोकादायक आहे. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत वारा अंगाला थंडावा देतो, म्हणून कोकणात गाडी सुरू झाली की बरे वाटते. हवा ४२ अंशांची असेल तेव्हा तोच वारा अंगात उष्णता भरतो आणि घामही कामी येण्याआधी उडवून नेतो. त्यामुळे अर्ध्या बाह्यांचा सदरा किंवा पूर्ण जाळीचे जॅकेट ही ३५ अंशांपर्यंतची सोय आहे, त्यापुढे अंग झाकणेच थंड पडते. योग्य पद्धत अशी: आत पूर्ण बाह्यांचा सुती बनियन किंवा सदरा पाण्यात भिजवून, हलका पिळून घालावा, वर फिक्या रंगाचे, हवेची छिद्रे अर्धवट बंद करता येणारे जॅकेट घालावे. माठ जसा झिरपून आतले पाणी गार ठेवतो, त्याच तत्त्वावर हे ओले कापड तासभर अंग गार ठेवते. मानेभोवती ओला पंचा गुंडाळून त्याची टोके जॅकेटच्या आत खोचावीत. पाऊण तासाने थांबून पुन्हा भिजवावे. हीच युक्ती कोकणातल्या दमट हवेत निरुपयोगी ठरते, म्हणून ती आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

शरीराला नव्या उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. उन्हाळ्यात पोचणे भागच पडले, तर पहिल्या आठवड्यात अकरा ते पाच या वेळेत गाडी काढू नये, सकाळी अर्ध्या तासाच्या फेरीपासून सुरुवात करावी आणि ती रोज थोडी वाढवावी. जून महिन्यात जोधपुरात सूर्य रत्नागिरीपेक्षा लवकर उगवतो आणि उशिरा मावळतो, त्यामुळे सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहानंतर असा बराच वापरण्याजोगा वेळ मिळतो. स्थानिक लोक दुपारी दुकानांची शटरे अर्धी ओढून बसतात. त्यांच्याकडून एवढे एक जरी शिकलात तरी पुष्कळ झाले.

उष्माघाताची पहिली खूण स्वाराच्या हातापायांत दिसते. गिअर चुकतो, इंडिकेटर बंद करायचे राहते, ओळखीचे वळण निघून जाते, डोके ठणकते, पिंढऱ्यांत गोळे येतात. यांतले काहीही जाणवले की पुढचे गाव गाठण्याचा विचार न करता सावलीत थांबावे, हेल्मेट व जॅकेट काढावे, अंग भिजवून वारा घ्यावा आणि सावकाश पाणी प्यावे. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सर्वांगावर पाणी ओतत राहावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

हेल्मेटबद्दल थोडेसे. कोकणातून निघताना अस्तर काढून बुरशीसह धुऊन घ्यावे. जोधपुरात ते घामाच्या मिठाने कडक होते, म्हणून आत पातळ सुती टोपी घालावी आणि ती रोज धुवावी. काळसर व्हायझर दिवसा बरा वाटतो, पण सायंकाळनंतर तो अजिबात चालत नाही, तेव्हा पारदर्शक व्हायझर आणि उन्हाचा चष्मा ही जोडी अधिक उपयोगी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी प्रवासात चष्माच लावावा.

रस्ता

घाटांत वाढलेल्या स्वाराला मारवाडचे सरळ रस्ते सोपे वाटतात आणि तिथेच झोप लागते. जोधपूर ते जैसलमेर हे सुमारे २८० किलोमीटर अंतर पोखरणमार्गे जाते, त्यात वळणे मोजकीच आहेत, आणि उन्हात डांबरावर चकाकणाऱ्या मृगजळात समोरचे वाहन किंवा बसलेली गाय उशिरा दिसते. दर तासाने उतरावे. रस्त्यावर वाऱ्याने आणलेल्या रेतीचा पट्टा दिसला, की त्याच्या आधीच वेग कमी करावा, आणि प्रत्यक्ष रेतीवर पुढचा ब्रेक न लावता, गाडी उभी ठेवून, थ्रॉटल स्थिर ठेवून पार व्हावे. शेवाळलेल्या मोरीवरून जाताना आपण जे करतो तेच करायचे असते. फक्त रेती वळणाच्या आतल्या बाजूला साठते आणि डांबरासारखीच फिकी दिसते.

रात्रीचा प्रवास टाळावा. नीलगाय अचानक आडवी येते. उंटाचे धड हेडलाइटच्या झोताच्या वर असते, प्रकाशात फक्त चार बारीक पाय दिसतात, आणि ते पाय ओळखू येईपर्यंत अंतर संपलेले असते.

आंधी एप्रिल ते जून या काळात, बहुधा दुपारनंतर येते. क्षितिजावर पिवळट-तपकिरी भिंत उठलेली दिसली की पाच-दहा मिनिटे हातात आहेत असे धरून चालावे. पक्के बांधकाम जवळ असेल तर त्याच्या आडोशाला जावे. नसेल तर डांबरापासून शक्य तितके दूर गाडी उतरवावी, दिवे बंद करावेत, कारण मागून येणारा चालक दिसणाऱ्या दिव्याला रस्ता समजून त्याच दिशेने येतो, आणि गाडीपासून काही पावले बाजूला वाऱ्याकडे पाठ करून बसावे. झाड, जाहिरातफलक आणि विजेचा खांब यांच्याखाली थांबू नये.

शेवटी पावसाबद्दल, कारण कोकणी माणूस इथे सर्वांत निर्धास्त असतो. मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानात साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोचतो आणि १७ सप्टेंबरच्या सुमारास देशात सर्वांत आधी तिथूनच परत फिरू लागतो. रेनकोट टाकून देऊ नये. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरींत रस्ता तेल आणि धुळीने निसरडा होतो, नंतर सलग पावसाने तो धुऊन निघतो. जोधपुरात दोन पावसांमध्ये कित्येक दिवसांची धूळ पुन्हा साठलेली असते, त्यामुळे तिथला जवळजवळ प्रत्येक पाऊस पहिलाच पाऊस असतो. सर सुरू झाल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटे थांबून चहा घ्यावा. जुन्या शहरात, घंटाघर आणि नवचौकियाच्या गल्ल्यांत, दगडी फरशी गुळगुळीत असते, आणि मेहरानगडाच्या टेकडीवरून उतरणारे पाणी या अरुंद गल्ल्यांतून इतक्या वेगाने वाहते की उभ्या केलेल्या दुचाकी वाहून गेल्याच्या घटना घडल्या आहेत. पोटरीपर्यंतच्या पाण्यातून गाडी काढण्याची आपली सवय तिथे वापरू नये. जुन्या शहरात राहणाऱ्याने जुलै ते सप्टेंबर गाडी रात्री उताराच्या गल्लीत न ठेवता चौथऱ्यावर किंवा परकोटाबाहेरच्या, म्हणजे जुन्या तटबंदीबाहेरच्या, सपाट जागी लावावी, आणि पाण्यातून गेलेली चेन त्याच दिवशी पुसून पुन्हा कोरडा ल्यूब मारावा.